तात्पुरती निर्यात

२ जानेवारी

ऑफिसची डायरी मिळाली. दरवर्षी मी ती घरी आणून हिच्या हातात देतो आणि ही त्यात दूधवाल्याचे खाडे, शेजारणींच्या कपड्यांची मापं असलं काहीबाही लिहिते. यंदा ही लेकीकडे आहे. कोरी डायरी टेबलावर नुसती पडलेली बघवेना, म्हणून मीच लिहायला घेतली. पेन्सिलीने लिहितोय. ही आली की सगळं खोडून डायरी जशीच्या तशी हातात देईन.

गेल्या मार्चच्या एकोणीस तारखेला ही परदेशी गेली, लेकीच्या बाळंतपणाला. तीन महिन्यांसाठी. मग बाळाला सर्दी झाली, मग लेकीची रजा संपली, मग बाळाला दात यायला लागले. दात काय, सगळ्याच बाळांना येतात, पण त्यासाठी आजी समोर बसलेली लागते हे मला नवीन होतं. असो. फेब्रुवारीत येते म्हणाली आहे.

मी सांख्यिकी कार्यालयात परदेशी व्यापाराचा विभाग सांभाळतो. ऑफिसात मला पाठीमागे ‘दशांश’ म्हणतात, ते मला ठाऊक आहे. तोंडावर म्हटलं तरी माझी हरकत नाही. मोघम बोलणाऱ्या माणसांपेक्षा ते बरं.

९ जानेवारी

आमच्या विभागाचा वर्षातला मोठा आकडा मार्चच्या वीस तारखेला जाहीर व्हायचा आहे. देशाच्या अर्थव्यवस्थेत परदेशी व्यापाराचं प्रमाण किती, हा तो आकडा. गणित साधं आहे. बाहेर पाठवलेलं अधिक बाहेरून आणलेलं, भागिले देशात वर्षभरात जे जे तयार झालं ते सगळं. वर अंश, खाली छेद. लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात हिला मी हे कागदावर काढून समजावलं होतं. ऐकून ही म्हणाली, “म्हणजे घराचं दार किती उघडं आहे, ते.” मी म्हटलं, इतकं सोपं असतं तर आम्हाला पगार कशाला दिला असता? त्यानंतर हिने पुन्हा कधी विचारलं नाही. समजलं असावं.

पहिला अंदाज आज हातात आला. गेल्या वर्षी एकावन्न टक्के होतं, यंदा चोपन्न. साहेबांनी खुर्चीतून उठून माझ्याशी हात मिळवला. साहेब माझ्याहून वयाने बरेच लहान आहेत, त्यामुळे लवकर खूश होतात.

१४ जानेवारी

रविवारचा फोन. सकाळी मीच लावतो. तिकडे तेव्हा दुपार असते.

इकडची थंडी, नळाला न येणारं पाणी, चोपन्न टक्के हे सगळं सांगितलं. ही ऐकत होती. मग म्हणाली, “अहो, माझी मोठी कात्री पाठवता का? मशीनच्या खणात आहे, फडक्यात गुंडाळलेली.”

“पुढच्या महिन्यात येतेच आहेस की. कात्री कशाला?”

“इथल्या कात्र्या हाताला बसत नाहीत.”

बाळाची झबली शिवत असेल. पाठीमागे सारखी घरघर ऐकू येत होती. वॉशिंग मशीन असावं. मध्येच कुणी बाई परक्या भाषेत काहीतरी म्हणाली आणि ही खळखळून हसली. इतकं हसण्यासारखं काय होतं, ते विचारायचं राहून गेलं.

१६ जानेवारी

कात्री पोस्टाने रवाना केली. हे पाचवं पार्सल. आधी दोन स्वेटर, मग जाड चादर, मग डॉक्टरांची जुनी कागदपत्रं, मग हिचा शाळेचा दाखला. तो कशाला हवा, ते विचारलं तेव्हा लेकीने विषय बदलला होता.

काउंटरवरचा माणूस आता मला ओळखतो. पार्सल वजनाला टाकत म्हणाला, “काय काका, शिफ्टिंग चाललंय का?”

मी म्हटलं, “बायको लेकीकडे गेली आहे. तात्पुरती.”

“असं होय,” म्हणाला आणि शिक्का मारत बसला. सरकारी नोकराने इतकं खिदळत काम करू नये.

आमच्या घराची निर्यात पाच, आयात शून्य. अशी व्यापारी शिल्लक मिळावी म्हणून देशोदेशीचे मंत्री नवस बोलतील.

२३ जानेवारी

कॅन्टीनची एक खिडकी बंद झाली. तिसऱ्या मजल्यावरचे अर्धे दिवे काढून नेलेत. घराजवळचं चपलांचं दुकान सहा आठवडे उघडलेलं नाही, मालकाने शटरवर ‘लवकरच परत येत आहोत’ अशी पाटी लावली आहे. पाटीवर धूळ बसली आहे.

दुपारी कस्टमच्या बाई आल्या. बंदरावरच्या नोंदी त्या आमच्याकडे आणतात. बोलायला तुटक, पण कामाला चोख. त्यांनी एक जुनी भानगड उकरून काढली. एका गिरणीने चार नवी विणकामाची यंत्रं परदेशी प्रदर्शनाला पाठवली होती. जो माल परत येण्यासाठी जातो तो निर्यातीत धरत नाहीत, तात्पुरता बाहेर असं लिहून बाजूला ठेवतात. मात्र वर्षभरात परत आला नाही तर तो गेला असं धरून निर्यातीत घालायचा, असा आमचा नियम.

बाई म्हणाल्या, “ही वर्षाच्या वर गेली. तुम्ही अजून बाजूलाच ठेवलीत.”

“गिरणीचं पत्र आहे. दर तिमाहीला लिहितात, लवकरच परत आणतोय म्हणून.”

“लिहितात. आणत नाहीत.”

“बाई, यंत्रं त्यांची आहेत, ती जातील कुठे?” मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि चौकशी करते म्हणाल्या.

४ फेब्रुवारी

फेब्रुवारीतही येत नाही. “मार्चचं बघू,” म्हणाली. लेकीच्या घराजवळ कपडे दुरुस्त करण्याचं एक दुकान आहे, तिथे ही रोज दुपारी बसते. नोव्हेंबरपासून! मला आज सांगते आहे. कुणाची पँट आखूड कर, कुणाच्या कोटाचं अस्तर बदल. वेळ जायला बरं, म्हटलं. “वेळ जायला नाही हो,” म्हणाली. “त्यांनी माझ्या नावाची पट्टी करून दिलीय. छातीवर लावायची. गिऱ्हाईकं नावाने हाक मारतात.”

मी म्हटलं, अनोळखी माणसांनी बाईमाणसाला एकेरी नावाने हाका मारायच्या, हे काही मला बरं वाटत नाही. त्यावर हसली, पण ते खळखळून नव्हतं.

हिला इथेही असं दुकान काढायचं होतं, पंधरा वर्षं झाली. मी रीतसर पाहणी केली होती. गल्लीतली घरं, दर घरामागे फाटणारे कपडे, सगळं मांडून दाखवलं की धंदा तोट्यात जाईल. तिनेही ते मान्य केलं होतं. निदान वाद तरी घातला नव्हता.

७ फेब्रुवारी

ताप. ऑफिसला गेलो नाही. औषधांचा डबा ही कुठे ठेवते ते विचारायला फोन उचलला, पण तिकडे दुकानाची वेळ होती. ठेवून दिला. दिवसभर कुणाशी एक शब्द बोललो नाही. संध्याकाळी कुरियरवाल्याने चुकून आमची बेल वाजवली. त्याला म्हटलं, पाणी हवंय का? नको म्हणाला. बसतोस का जरा, असंही तोंडातून जाणार होतं, तेवढ्यात तो दोन मजले खाली पोचला होता.

१० फेब्रुवारी

डबा फ्रिजवर होता. डोळ्यांसमोर. तोवर ताप आपोआप उतरला.

१९ फेब्रुवारी

आज साहेबांशी वाजलं.

शेवटचे आकडे आले. चोपन्न टक्के कायम. साहेबांनी वर्तमानपत्रांसाठी मसुदा करूनच ठेवला होता: ‘विक्रमी वाढ, देश जगासाठी अधिक खुला.’ मी म्हटलं, साहेब, आपण खुले झालेलो नाही. माल गेल्या वर्षीइतकाच आलाय-गेलाय, उलट किंचित कमीच. छेद घसरलाय. कारखाने बंद पडले, देशात तयार होणारंच कमी झालं. म्हणून त्यामानाने व्यापार मोठा दिसतो.

“पण चोपन्न हे खरं आहे ना?”

“खरं आहे.”

“मग झालं तर! खाली काय आहे ते कोण बघतं?”

“मी बघतो,” म्हटलं. “पस्तीस वर्षं तेवढंच केलंय.”

साहेब म्हणाले, तुम्हाला कशातच आनंद होत नाही. हे वाक्य हिचं आहे. साहेबांना कुठून मिळालं कोण जाणे.

घरी येऊन गंमत म्हणून आमचं प्रमाण काढायला बसलो. मालाचं नको, बोलण्याचं काढू म्हटलं. परदेशी किती बोललो? रविवारचा फोन. घरात एकूण किती बोललो? तोच रविवारचा फोन. म्हणजे शंभर टक्के. जगातलं सगळ्यात खुलं घर! हिला सांगितलं असतं तर हसली असती. पेन्सिलीला टोक करता करता बराच वेळ बसून राहिलो.

२६ फेब्रुवारी

कस्टमच्या बाई चौकशी करून आल्या. प्रदर्शन संपल्यावर ती चार यंत्रं तिथल्याच एका शेडमध्ये बसवली. जमिनीत बोल्ट ठोकून. रोज दोन पाळ्यांत चालतात म्हणे.

“नोंद करा,” बाई म्हणाल्या.

“गिरणीचं पत्र परवाच आलंय. लवकरच—”

“साहेब, पत्रं काय, लाजेखातरही लिहितात.” त्या मला साहेब म्हणतात, मी नसलो तरी. “कुणाला तोंडावर सांगायचं जिवावर येतं. समोरच्यानेच समजून घ्यायचं.”

“नियमात समजून घेणं बसत नाही.”

“नियमात वर्ष बसतं,” म्हणाल्या.

मी नोंद केली नाही. वीस तारखेपर्यंत वेळ आहे. घाईने कुणाला गेलेलं ठरवणं बरोबर नाही.

५ मार्च

आयात!

दारात पार्सल. लेकीचं अक्षर. आत शर्ट, हिने शिवलेला. निळसर, बारीक रेघांचा. माप कुणाला विचारलेलं नाही, हिच्या डोक्यात आहे ते. बटणांची काजं इतकी रेखीव की दुकानातल्या शर्टांना लाज वाटावी. सोबत चिठ्ठी नव्हती. कॉलरला आतून एक छोटी कापडी पट्टी शिवली आहे, तिच्यावर हिचं नाव. फक्त नाव. ते छापलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. घरात ते नाव कुणी घेत नाही. लेक आई म्हणते, आणि मी अगं म्हणतो.

घालून बघितला. खांद्यावरून घसरतो. कॉलरमध्ये दोन बोटं सहज जातात, पोटाशी तर मुठीत धरावं लागलं. शिवताना हात चुकला असेल. परदेशात मापंही वेगळी असतात, इंच-सेंटिमीटरचा घोळ होतो.

मग कपाटातला जुना शर्ट काढला. तोही तसाच आहे. घरातल्या आरशात कधी बघतच नाही म्हणा मी.

११ मार्च

फोन.

“शर्ट बसला?” हा पहिला प्रश्न.

“अगदी मापात.”

“खांद्यात?”

“म्हटलं ना, मापात.”

मग म्हणाली, “जेवता ना नीट?” मी म्हटलं, दोन्ही वेळा. मग मी आकडा, साहेब, छेद हे सगळं सांगत सुटलो. मध्येच म्हणाली, “अहो, ऐका. माझं मशीन आहे ना तिकडचं, ते वापराविना गंजेल. गल्लीच्या टोकाला ती नवीन मुलगी शिवायला बसते, तिला देऊन टाका.”

“तू आल्यावर काय ते ठरव.”

“अहो...”

“आवाज तुटतोय,” मी म्हटलं. “काही ऐकू येत नाही.” आणि फोन ठेवला.

आवाज चांगला स्वच्छ येत होता. तिच्या श्वासासकट.

१३ मार्च

मशीनवरचं कापड काढलं. तेल घातलं. पायाने हलवून बघितलं. पोकळ आवाज करत चाललं. जानेवारीत फोनवर ऐकली ती घरघर वॉशिंग मशीनची नव्हती.

१६ मार्च

सकाळी ऑफिसला जाताना चपलांच्या दुकानाची पाटी काढलेली दिसली. तिथे आता कुलूप दुरुस्तीवाला बसतो.

जाऊन आधी यंत्रांची नोंद केली. चार विणकाम यंत्रं, निर्यात. बाईंना फोन करून सांगितलं. “बरं केलंत,” म्हणाल्या. मग जरा थांबून, “तुमच्या घरून कधी येणार आहेत?” मी म्हटलं, माहीत नाही. असं उत्तर मी पहिल्यांदाच दिलं. आजवर प्रत्येकाला महिना सांगत आलो.

यंत्रांमुळे चोपन्नच्या दशांशातही फरक पडला नाही. चार यंत्रांनी देशाचं काय होणार? पण गिरणीत त्यांच्या जागी काय असेल, हे आज दिवसभर डोक्यातून गेलं नाही. चार रिकामे चौकोन असणार, आणि माणसं त्यांना वळसा घालून चालत असणार, सवयीने. मी अजून पलंगाच्या डाव्या बाजूलाच झोपतो.

साहेबांच्या मसुद्याखाली मी एक ओळ घातली: ‘प्रमाणातील ही वाढ व्यापार वाढल्यामुळे नसून अर्थव्यवस्था आकसल्यामुळे दिसते.’ ती काढणार असाल तर माझी सही मिळणार नाही, म्हटलं. साहेबांनी ओळ ठेवली, सगळ्यात खाली, बारीक टायपात. चालेल.

१८ मार्च

उद्या वर्ष होतं. आज फोन केला, तो काय बोलायचं ते न ठरवता. आकड्यांचा कागद समोर घेतला नाही.

हिने उचलला. मी म्हटलं, “आज मी काही सांगणार नाहीये. एक विचारायचंय.”

“विचारा.”

“तू येणार आहेस का?”

इतके महिने मी ‘कधी’ विचारत होतो. तिच्याही ते लक्षात आलं असावं. पाठीमागे बाळ काहीतरी आपटत होतं.

“नाही,” म्हणाली. “मला सांगायचं होतं हो. दर रविवारी ठरवायची. पण तुम्ही बोलत असता, मग राहून जातं.”

“माझं काही चुकलं का?”

“भांडण नाही माझं तुमच्याशी. राग असता तर कधीच येऊन भांडले असते.” मग हळूच म्हणाली, “इथे सकाळी उठले की मला कुठेतरी जायचं असतं. कुणीतरी वाट बघत असतं, की ह्या आल्या की काम होईल. तिकडे मी कुणाची वाट बघत होते, तेच मला कळेनासं झालं होतं. तुम्ही तर समोरच बसलेले असायचात.”

मला दुःख झालं. चुकीचं काही दुरुस्त करावं म्हणून तिचं वाक्य मनात दोनदा तपासलं. त्यात चूक नव्हती.

मी तिला नावाने हाक मारली. लग्नाला चौतीस वर्षं झाली, त्यातली ही पहिली. का कोण जाणे, दोघांनाही जरा लाज वाटली.

“काय?” म्हणाली.

“मी आलो तर चालेल का?”

ती विचार करत होती, ते मला ऐकू येत होतं.

“या ना,” म्हणाली. “लेकीला आनंद होईल. बाळ बघाल. महिनाभर राहा. पाहुणे म्हणून या.”

हो म्हटलं. फोन ठेवल्यावर ‘पाहुणे’ या शब्दाचा अर्थ उलगडत बसलो. आमच्या शास्त्रात वर्षाच्या आत परतणारा माणूस मूळ देशातच मोजतात. म्हणजे मी तिथे जेवलो, राहिलो, हसलो तरी मोजला जाईन इथलाच. आणि ती, उद्यापासून, तिथली.

आज पेनने लिहितोय. आधीचीही पानं खोडणार नाही. डायरी परत द्यायची नाहीये आता.

२० मार्च

आकडा जाहीर झाला. वर्तमानपत्रांनी मथळा साहेबांचा घेतला. माझी ओळ एकानेही छापली नाही. कस्टमच्या बाईंनी मात्र फोन करून सांगितलं की त्यांनी ती वाचली.

संध्याकाळी मशीन गल्लीच्या टोकाच्या मुलीकडे पोचवलं. हातगाडीवाल्याबरोबर एका बाजूने मीच धरून चालत गेलो. ती पैसे विचारत होती. मी म्हटलं, नको, फक्त कुणी विचारलं तर हे कुणाचं मशीन आहे ते सांगायचं. तिने विचारलं, “कुणाचं?” तिला नाव सांगितलं. दुसऱ्यांदा घेतल्यावर जिभेला तेवढं अवघड गेलं नाही.

परतताना शर्टाचं डोक्यात होतं. वाटलं, हिलाच म्हणावं, खांदा थोडा आत घे, शिंप्याकडे कशाला टाकायचा. पण घरी येऊन पुन्हा घातला आणि तो विचार सोडून दिला. शर्टात काही चूक नाही. ती गेली तेव्हा मी अगदी त्याच मापाचा होतो, तिला बरोबर आठवतंय.

तिकीट पुढच्या महिन्याच्या शेवटाचं मिळालं. तोच शर्ट घालून जायचंय. येताना एक डझन अंडी, दूध आणि बटाटे घेऊन आलो. आता दोन्ही वेळा खरंच जेवायला हवं. तोवर अंगाने थोडा भरलो नाही, तर दारातच तिला सगळं कळेल.